तिसरा रकाना

मित्रांनो, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या विधानसभेतलं मी एक जुनं मेज. अक्रोडाच्या लाकडाचं, आणि दिसायला अजूनही झकास, बरं का! पण आमची सभा भरते दोन वर्षांतून एकदा, हिवाळ्यात. एरवी मी आणि माझ्यावरची धूळ. बोलणार तरी कुणाशी?

माझे आमदार आर्विड स्लेटन गुरांचे डॉक्टर होते. दर निवडणूक जिंकून परत यायचे. शेजारच्या मेजावरच्या आमदार लिओनाबाई चिडवायच्या, "डॉक्टर, तुमची गुरंच मतं देतात की काय तुम्हाला?"

"देतीलही! माणसांपेक्षा त्यांची आठवण पक्की असते."

मग एका जानेवारीत माझ्यापाशी भलताच तरुण येऊन बसला. माझे डॉक्टर आलेच नाहीत.

त्याच हिवाळ्यात मर्ना नावाची कॉलेजातली मुलगी अभ्यासासाठी मोजत होती: जुने किती परतले, किती आपणहून निवडणुकीला उभे राहायचे थांबले, किती हरले. मतपत्रिकेवर नाव आहे आणि सभागृहात माणूस नाही? मग हरला! आर्विड गेले हरलेल्यांत. मला वाईट वाटलं, पण थोडा धीरही आला. हरलेला माणूस पुन्हा उभा राहतो ना! मी वाट पाहू लागलं.

एका दुपारी सभा उठल्यावर त्यांची बायको इंगा बर्फातून गाडी हाकत आली आणि मर्नाला माझ्यापाशीच गाठलं.

"माझा नवरा हरला, असं लिहिलंयस म्हणे?"

"हो, स्लेटनबाई. मतपत्रिकेवर नाव होतं त्यांचं."

"मतपत्रिका छापून झाल्या आणि मग ते वारले, पोरी! छापलेलं नाव कोण पुसणार? आणि मेलेल्या माणसाला लोक मत कसं देतील?"

मर्नाचा चेहरा उतरला. "पण न परतलेल्यांचे माझे रकाने दोनच आहेत. थांबले, नाहीतर हरले."

"मग तिसरा आख. जन्मभर जिंकलेल्या माणसाला मेल्यावर कशाला हरवतेस?"

मर्नाने कागद माझ्यावरच पसरला, पट्टी लावली आणि तिसरा रकाना आखला. 'निधन.' त्यात एकच नाव. टक्केवारी जेमतेम हलली. इंगाबाई डोळे पुसत निघून गेल्या.

त्यांचं समाधान झालं, मित्रांनो. माझं वाट पाहणं मात्र त्या रेघेपाशी संपलं. त्या रकान्यातून कुणी परत येत नाही.

तुम्हीही मोठेपणी पुष्कळ काही मोजाल. जरूर मोजा! पण रिकाम्या जागेपाशी जरा थांबा, आणि इथला माणूस कुठं गेला, ते आधी विचारा. ते सांगायला कुणाच्या इंगाला बर्फातून यायला लावू नका.