भूलक्ष्मीची चुकलेली पाळी

भूलक्ष्मीची पाळी पाच महिने आली नव्हती, आणि तिचा नवरा मल्लेशम् चौदा महिने मस्कतला होता. या दोन गोष्टी तिच्या सासूने, सत्तव्वाने, एका दुपारी एकीला एक जोडल्या आणि घराला आग लागली.

तेलंगणात कोरुट्ल्याच्या बाजूला घरोघर बायका बिड्या वळतात. भूलक्ष्मीही सकाळी मांडीवर सूप घेऊन बसायची ती दिवस मावळल्यावरच उठायची. दोन वर्षांत अंग सुटलं होतं, पोट पुढं आलं होतं. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दार लावून उपटायची. पाळी तर पहिल्यापासूनच लहरी. कधी तीन महिन्यांनी, कधी चार. "लेकरू झालं की होईल सगळं सुरळीत," आई म्हणायची. पण लेकरूही झालं नव्हतं.

सत्तव्वाने आपलं सूप बाजूला सारलं.

"कुणाचं आहे?"

"काय कुणाचं, अत्तम्मा?"

"पोट! आणखी काय?"

"काहीतरीच काय बोलता! मला असंच होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे, माझा लेक तिकडं उन्हात करपतोय आणि इकडं तुझ्या अंगावर मूठमूठ मांस चढतंय. पोशेट्टी पाणी प्यायला आपल्याच ओट्यावर का बसतो गं?"

पोशेट्टी म्हणजे बिडीच्या कारखान्यातून पानं आणि तंबाखू वाटायला येणारा माणूस. पन्नाशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप. येता-जाता थट्टा करायची त्याची सवय गावाला ठाऊक होती. पण आता तीच त्याला भोवणार होती.

दुसऱ्या दिवशी सत्तव्वाने कसलासा काढा उकळला. भूलक्ष्मी पिईना, तेव्हा म्हातारीने तिची वेणी हाताला गुंडाळली, मान मागं ओढली आणि तांब्या दातांवर आपटला. पुढचा एक दात हलला. रक्त आणि काढा एकदमच घशात गेला. तीन दिवस भूलक्ष्मी ओकत होती. पोटातून काही पडलं नाही. पडायला काही असतं तर पडलं असतं.

मग सत्तव्वाने मस्कतला फोन लावला.

आठव्या दिवशी भर दुपारी मल्लेशम् गावात उतरला. घरी न जाता आधी बिडी केंद्रावर गेला. पोशेट्टी तंबाखू तोलत होता. "आलास का रे, खजूर आणलेस?" असं तो हसत म्हणतोय तोच मल्लेशम्‌ने कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली. पहिला घाव पोशेट्टीने हातावर झेलला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज दारातल्या बायकांनी ऐकला. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा बसायच्या आत चार जणांनी मल्लेशम्‌ला धरलं, पण तो निसटला आणि घराकडं सुटला.

भूलक्ष्मी पानं कातरत बसली होती. चौदा महिन्यांनी नवरा दिसला म्हणून ती हसून उठली. कमरेचा पट्टा तोंडावर बसला तेव्हा कुठं तिला कळलं.

"अहो, ऐका तरी! देवाशप्पथ, काही नाही पोटात!"

"नाही ना? मग मीच रिकामं करतो!"

त्याने तिला पाडलं आणि पोटावर लाथ घातली. दुसरी घातली. सत्तव्वा दारात उभी होती; तिने नको म्हटलं नाही. तिसऱ्या लाथेला भूलक्ष्मीच्या हाताला कातर लागली. तिने नेम धरला नाही, काही नाही. सगळा जीव एकवटून ती त्याच्या मांडीत खुपसली. मल्लेशम् बैलासारखा ओरडला आणि खाली बसला.

पोशेट्टीची बायको राजव्वा नवऱ्याला जगित्यालच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा घेऊन निघाली होती. किंकाळी ऐकून तिने रिक्षा थांबवली. आत येऊन तिने भूलक्ष्मीला खांद्यावर घेतलं. मल्लेशम् मांडी धरून रडत होता.

"तू कशाला रडतोस रे?" राजव्वा म्हणाली. "हात मोडला माझ्या माणसाचा, तोंड फाटलं हिचं. चल, तूही चल. तिकडं गेलास म्हणजे पोलिसांना शोधायला नको."

दवाखान्यात डॉक्टरम्माने भूलक्ष्मीच्या पोटाची सोनोग्राफी केली. मांडीला टाके घातलेला मल्लेशम् बाहेर बाकावर बसला होता, बाजूला पोलीस शिपाई.

"कितवा महिना?" त्याने विचारलं.

"कशाचा?" डॉक्टरम्मा म्हणाली. "बाळ नाही. आत्ता नाही, आणि गेल्या महिन्यांत होतं असं काहीच दिसत नाही. आत रक्तस्राव झाला नाही, हे तिचं नशीब. आणि तुझंही."

मल्लेशम्‌चा चेहरा पांढराफटक पडला. "आईनं सांगितलं मला..."

"मी काय डॉक्टरीण आहे?" मागोमाग आलेली सत्तव्वा फिस्कारली.

दुसऱ्या दिवशी रक्ताचे अहवाल आल्यावर डॉक्टरम्मा भूलक्ष्मीच्या खाटेवर येऊन बसली. "दर महिन्याला एक बीज पिकून सुटायला हवं. तुझ्यात ती अर्धवट वाढतात आणि तिथंच थांबतात. म्हणून पाळी येत नाही. केस, वजन, सगळं त्यातलंच. याला पीसीओएस म्हणतात. पुष्कळ बायकांना असतं."

"मला मूल होणार नाही?"

"असं कोण म्हणालं? बहुतेकींना होतं, कुणाला औषध लागतं. आधी पाळी आणायची. महिनोन्‌महिने ती न येणं बरं नाही, पिशवीचं अस्तर साठत जातं. गोळ्या देते. भात कमी कर, ज्वारीची भाकरी खा. तासातासाला उठ, रोज भरभर चाल. एकदम बरं होणार नाही, पण आवाक्यात राहील."

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

मग ती रडली. मार खाताना रडली नव्हती इतकी. आणि शिपायाला बोलावून तिने जबाब लिहून दिला, नवऱ्याविरुद्ध आणि सासूविरुद्धही.

दवाखान्यातून ती माहेरी गेली. गोळ्यांनी बाराव्या दिवशी पाळी आली. पोटातल्या कळांनी ती दोन दिवस वाकून होती. पुढची मात्र नुसत्या गोळीवर सोडली नाही तिने. तळ्याच्या बांधावरून रोज चालायला लागली, तेव्हा बाया फिदीफिदी हसायच्या, "काय गं, कुणाला भेटायला निघालीस?" ती हसण्यावारी न्यायची. वजन उतरायला पाच महिने लागले, तेही थोडंच. केस येतच राहिले. सातव्या महिन्यात पाळी आपण होऊन आली.

पोशेट्टीचा हात वाकडाच जुळला. मल्लेशम्‌चा पासपोर्ट कोर्टात अडकला, मस्कतची नोकरी गेली. एका सकाळी तो सासुरवाडीच्या कुंपणाशी आला.

"परत ये. आता कळलं मला. डॉक्टरम्मानं सगळं सांगितलं. तुझी चूक नव्हतीच."

भूलक्ष्मी दारात उभी राहिली. "आणि खरंच बाळ असतं तर?"

"काय?"

"पोटात बाळ असतं, तर त्या लाथा बरोबर होत्या?"

तो कुंपणाची सुटलेली काठी नीट खोचू लागला.

"सोमवारी कोर्टात तारीख आहे," ती म्हणाली. "तिथं सांग."

तो लंगडत रस्त्याला लागेपर्यंत ती दारातून हलली नाही.