डिस्कची अदलाबदल

“ताई, माझ्या नव्या गेमच्या मशीनला डिस्क घालायला जागाच नाय,” अक्षय हसत म्हणाला. “सगळं डाउनलोड.”

निशिगंधाने पुढे केलेला हात तसाच राहिला. हातात कारच्या शर्यतीच्या गेमचा डबा होता. महिनाभर खेळून तिने तो संपवला होता. धाकटा भाऊ बेंगळुरूहून चार दिवस पेणला आईकडे आला, म्हणून त्याला द्यायला ती रोह्याहून मुद्दाम घेऊन आली होती.

लग्न होऊन ती रोह्याला गेली तेव्हा अक्षय कॉलेजात होता. एक गेम ती घ्यायची, एक तो. संपला की अदलाबदल. तिची नर्सची ड्युटी पनवेलला. सकाळची गाडी पेणला मिनिटभर थांबायची आणि अक्षय फलाटावर ठरलेल्या जागी हजर असायचा. ती दारातून डबा द्यायची, तो आपला तिच्या हातात कोंबायचा. “पुलानंतर ब्रेक मार, नायतर गेलीस!” अशी गेममधली युक्ती गाडीबरोबर धावत ओरडून सांगायचा. कधी डब्यात चिठ्ठी असायची. बाबा गेले त्या महिन्यातल्या चिठ्ठीत एवढंच होतं: ‘आई जेवते. तू पण जेव.’

ती गाडी निशिगंधा अजून रोज पकडते. पेण आलं की उगाच दाराशी येऊन उभी राहते.

“मी गिफ्ट करतो ना तुला,” अक्षय म्हणाला. “बटण दाबलं की गेम तुझ्या मशीनवर. हेलपाटा कशाला?”

“हेलपाट्यासाठीच तर घेत होते रे.”

त्याने मोबाइलमधून मान वर केली. काही बोलणार, तोच ऑफिसचा फोन आला आणि तो गॅलरीत गेला. संध्याकाळी ती निघाली तेव्हा मात्र त्याने डबा तिच्यादेखत आपल्या बॅगेत टाकला. “नेतो गं,” म्हणाला. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. रोह्यापर्यंत ती खिडकीशी स्वतःशीच हसत बसली.

पुढच्या रविवारी ती आईकडे आली, तर आईने कपाटातून तोच डबा काढून समोर ठेवला.

“पोह्याचे पापड बसंनात बॅगेत, म्हणून काढलान त्यानं हे. मंग इथंच ऱ्हायलं.” आईचा चेहरा कसनुसा झाला. “विसरला गो पोर. फोन करू काय त्याला?”

“नको गो आई. मीच सांगितलं व्हतं त्याला, जागा नसली तर ठेव म्हणून.”

“व्हय?”

“व्हय गो. पापड महत्त्वाचे.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. निशिगंधाने डब्यावर लागलेलं पापडाचं पीठ ओढणीने पुसलं, डबा पर्समध्ये ठेवला आणि चहा टाकायला उठली.