देवचाराला लिंबू सरबत

धनेश दारात आला तेव्हा मी विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"कोंबडी, वहिनी."

कोंबडी काही किणकिणत नाही. मी दारातून हलले नाही. माझा हा धाकटा दीर मला वळसा घालून आत शिरला, आणि सासूबाईंनी लगेच साद घातली, "इलंस रे झिला? ये, ये." घोडपदेवच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, तिच्यातसुद्धा मला विचारून कुणी आत येत नाही.

आषाढातला रविवार होता. श्रावण लागायच्या आधी आमच्या घरात देवचाराला राखण देतात. देवचार म्हणजे गावच्या घराचा राखणदार. त्याच्या नावाने कोपऱ्यात पान मांडायचं, वडे-सागोती वाढायची, विडी ठेवायची आणि सोबत दारूचा एक ग्लास. थोरल्या मुलाने गाऱ्हाणं घालायचं आणि तो ग्लास तीर्थ म्हणून त्यानेच संपवायचा. थोरला म्हणजे माझा नवरा हितेंद्र. त्याने पंधरा महिने दारूला तोंड लावलेलं नव्हतं.

ते पंधरा महिने कसे गेले ते मला विचारा. गेल्या वर्षी चैत्रात तो परळला हॉस्पिटलात एकोणीस दिवस होता. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, यापुढे एक ग्लास जरी प्यायले तरी मी काही करू शकणार नाही. दारू सोडलेल्यांच्या बैठकीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं, "ताई, त्यांची वेळ रिकामी ठेवू नका. हातात काहीतरी द्या." हितेंद्रची वेळ संध्याकाळी सातची. मी सातला सरबत द्यायला लागले.

पहिल्या दिवशी त्याने ते मोरीत ओतलं. "हे काय, शाळेच्या गॅदरिंगचं पाणी?" म्हणाला. खरंच होतं ते. साखरपाण्याने त्याची तहान कशी भागणार? मग मीही हट्टाला पेटले. लालबागच्या बाजारातून पातळ सालीची लिंबं आणायची. त्यांची साल किसणीवर हलक्या हाताने उतरवायची, नुसती वरची, कारण खालचा पांढरा भाग आला की सगळं कडू होतं. ती साल साखरेत चुरडून दिवसभर झाकून ठेवायची. साखर आपोआप ओली होते आणि झाकण काढलं की शेजारच्या खोलीपर्यंत वास जातो. मग त्यात लिंबाचा रस, आल्याचा रस, काळं मीठ आणि ठेचलेली मिरी, हात जरा सैल सोडून. पाणी माठातलं. ग्लास स्टीलचा, काचेचा नाही. आणि सोडा अजिबात नाही. सोड्याची बाटली फसफसली की हितेंद्रची मान तिकडे वळते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मिरीवालं सरबत प्यायला आणि त्याला ठसका लागला. त्या ठसक्याने मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता.

हॉस्पिटलच्या गडबडीत गेल्या वर्षीची राखण चुकली होती. तेव्हापासून घरात जे काही बिघडलं ते माझ्या नावावर. सासूबाईंचा गुडघा, धनेशची सुटलेली नोकरी, गावच्या घराची फुटलेली कौलं, सगळं. यंदा राखण द्यायचीच असं मायलेकांनी फोनवर ठरवलं होतं. मी शनिवारी लिंबं आणली, आणि रविवारी पान मांडल्यावर त्याच्याजवळ सरबताचा ग्लास नेऊन ठेवला.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्या काय?"

"सरबत."

"देवचाराक सरबत? तो काय लग्नाक इलेलो पावणो आसा?"

"पाहुणा असता तर बरं झालं असतं. पाहुणा निदान परत जातो."

धनेशने ग्लास उचलून हुंगला आणि ओट्यावर नेऊन आदळला. "वहिनी, हा काय मजाक आहे? कोप होईल ना."

"कोप? तुमच्या देवचाराने आजवर एक थेंब तरी प्यायलाय? सगळी ह्यांच्याच पोटात गेली."

"तुमच्या माहेरची अक्कल तिकडेच ठेवा."

"माहेरच्यांनी मला इथे विधवा व्हायला पाठवलं नव्हतं."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. आणि हितेंद्र? तो भिंतीला टेकून फरशीकडे बघत बसला होता. त्याच्यासाठी मी भांडत होते. त्या क्षणी मला धनेशपेक्षा त्याचा जास्त राग आला.

धनेशने बाटली काढली, फडताळातला काचेचा ग्लास घेतला, ओतली. मग सोड्याची बाटली फोडली. फस्स झालं आणि हितेंद्रची मान वळली.

तो उठला, पानासमोर हात जोडून उभा राहिला. "बा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "ह्या वर्साची राखण तुझ्या पायाशी ठेवलेली आसा. काय चुकला-माकला आसात तर माफ कर." मायलेक मागून "होय म्हाराजा" म्हणत होते. गाऱ्हाणं संपलं तसा धनेशने ग्लास पुढे केला.

"भाऊ, एक घोट. बाकी मी संपवतो."

"जिभेक नुसता लाव झिला," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या ह्या आवशीसाठी."

मी हितेंद्रच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. वाटलं होतं, नको म्हणेल. निदान थबकेल. पण जेवताना मिठाकडे जावा तसा त्याचा हात सरळ ग्लासाकडे गेला.

मी मधेच तो ग्लास धनेशच्या हातातून ओढून घेतला आणि प्यायले. सगळा. जन्मात पहिल्यांदा. औषधासारखी घाण चव, घशापासून पोटापर्यंत आग आणि डोळ्यांतून पाणी.

"थोरल्याचाच मान ना?" मी म्हटलं. "मग थोरली सून मी आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तीर्थ बायलमाणसान घेतला! अरे देवा, बायलमाणसान!"

"आई, चल तू. ह्या घरात आता पाणी पण नको," धनेश म्हणाला. पाणी नको म्हणाला, बाटली मात्र आठवणीने पिशवीत टाकली. सासूबाईंनी दोन साड्या गुंडाळल्या. निघताना मला म्हणाल्या, "उद्या तुझ्या घोवाक काय झाला तर देवचाराक बोल लावू नको." जिना उतरेपर्यंत त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मला त्यांची दया आली नाही.

मला फक्त जिंकल्यासारखं वाटत होतं. डोकं हलकं झालं होतं, हसू येत होतं. चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते, दोघंच असलो की हितू. "हितू, सुटलो रे," म्हणत मी त्याच्याशेजारी बसले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. जवळ आणलं, अगदी जवळ. मला वाटलं, रडेल, मला धरून बसेल. पण त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो नाकाने खोल श्वास घेत होता. माझ्या तोंडाचा. एकदा घेतला, पुन्हा घेतला.

मग त्याने मला दोन्ही हातांनी ढकललं.

"बाहेर जा."

"काय?"

"वास येतोय तुझ्या तोंडाला." "राहवत नाही मला, लतिका. एक दिवस पण राहवत नाही. जा ना! जा म्हणतो ना!"

पंधरा महिन्यांत हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो ठसका लागल्यासारखा हसायचा, ग्लास विसळून पालथा ठेवायचा, आणि मी समजत होते की संपलं. माझ्यामुळे संपलं. कसली मिजास होती मला!

मी गॅलरीत आले. भर दुपार होती, समोरच्या खोलीतली सुभद्रा वाळत घातलेले कपडे काढत होती. तिला वास जाऊ नये म्हणून मी ओढणी तोंडावर धरली. "काय गं, जेवणं झाली?" तिने विचारलं. मी मान हलवली.

पाठीमागे हितेंद्रने आतून कडी घातली. सुभद्रा आत गेल्यावर मी दार एकदा बाहेरून ढकलून पाहिलं. पक्कं होतं. माझ्या तोंडाचा वास आता त्याच्यापर्यंत पोचणार नव्हता. मला बरं वाटलं.