फाटकापाशी ठेवलेल्या ट्रेची जबानी

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्यापुढे येतात त्या बहुतेक तक्रार घेऊन. आम्हाला अडगळीत टाकलं, आमची कदर झाली नाही, वगैरे. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मी पत्र्याचा एक जुना ट्रे, आणि माझ्यावर सगळ्यांचा फार विश्वास होता.

माझा जन्म बेकरीसाठी झाला. चार बोटं खोल, दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढा लांबरुंद. बारा वर्षं माझ्यात पाव भाजले गेले. रोज भट्टी आणि रोज घासणं. बेकरीवाला इतका कडक की माझ्या कोपऱ्यात आदल्या दिवशीचा एक कण राहिला, तर तो बोटावर घेऊन धुणाऱ्याच्या नाकासमोर धरायचा. मला तेव्हा हा छळ वाटे. पुढे बेकरीत मोठी यंत्रं आली आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला ताईंनी उचललं. ताई अंड्यांसाठी कोंबड्या पाळत. तीन हजार कोंबड्या, एक लांब शेड, शेडला एकच फाटक. शिक्षिकेची नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं होतं, आणि नातेवाईक भेटले की "काय म्हणतात तुमच्या विद्यार्थिनी?" असं विचारून स्वतःच हसत. म्हणून ताई सगळं कोंबडीपालनाच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे करत. खिडक्यांना त्यांनी इतकी बारीक जाळी लावली होती की शेडमध्ये एक चिमणी गेली नाही. हे मी शपथेवर सांगतो. पुस्तकात असंही होतं की रोग बुटांना चिकटून आत येतो, तेव्हा फाटकापाशी जंतुनाशकाचं पाणी ठेवावं आणि येणाऱ्याने त्यात पाय बुडवूनच आत जावं. ते पाणी माझ्यात ठेवायचं ठरलं.

पावांच्या जागी बूट आले. सुरुवातीला जड गेलं, पण पद मोठं होतं, त्यामुळे सवय लवकर झाली.

माझ्या दिमतीला ताईंचे मामा होते. पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. निवृत्त झाले, पण माणसं अडवायची हौस फिटली नव्हती. फाटकापाशी स्टूल टाकून बसत. खाद्याची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर घाईत असायचा.

"ओ साहेब, पाय."

"मामा, कालच बुडवले की."

"कालचं तिकीट आज चालतं का? दोन्ही पाय. उजवा नुसता दाखवून नका जाऊ."

खुद्द ताईंनाही सूट नव्हती. "मामा, मी मालकीण आहे इथली," त्या एकदा म्हणाल्या. "जंतू काय मालकी विचारून चिकटतात?" मामा म्हणाले. ताईंनी मुकाट्याने पाय बुडवले. अशा वेळी माझी छाती फुगायची. पत्र्याला छाती नसते, पण फुगायची.

आता मला भरत कसे, ते सांगतो. नळ शेडच्या पार मागच्या टोकाला होता. तळं फाटकापासून वीस पावलांवर. मामांचे गुडघे दुखत. मामा रोज सकाळी तळ्यातून दोन बादल्या आणत आणि माझ्यात ओतत. औषध फक्त सोमवारी, ताज्या पाण्यात. बाकीचे दिवस कमी झालेलं पाणी वरून भरायचं. बुटांची माती तळाशी बसायची, कोंबड्यांची घाण तिच्यावर बसायची, पण वरून मी दुधासारखा पांढरा दिसायचो आणि वासही दवाखान्याचा यायचा.

"मामा, नळाचं पाणी का नाही घेत?" ताईंनी एकदा विचारलं होतं.

"अगं, पाय बुडवायला. कुणाला प्यायचंय?"

ताई हसल्या, पाय बुडवून आत गेल्या.

हिवाळ्यात तळ्यावर रानबदकं उतरली. शेकड्यांनी. मामा हरखून गेले. "कुठून कुठून येतात बघ, ना रिझर्व्हेशन, ना सामान." त्यांनी फोटो काढून सगळ्या नात्यात पाठवले. बदकं पोहत होती, खात होती आणि तळ्यातच बाकीचं सगळं उरकत होती. मीही रोज त्यांच्याकडे कौतुकाने बघत होतो.

मग एका सकाळी अंडी निम्मी भरली. दुसऱ्या दिवशी चाळीस कोंबड्या मरून पडल्या. तुरे निळे पडलेले, डोकी सुजलेली. तिसऱ्या दिवशी ताईंनी मोजणं सोडलं. तीन हजार कोंबड्यांची शेड कशी गजबजलेली असते, हे तुम्ही ऐकलं नसेल. ती गप्प झाली. तळ्यावर मात्र बदकं मजेत पोहत होती.

जनावरांचे डॉक्टर आले. फाटकाबाहेरच थांबून त्यांनी विचारलं, "बाहेरचं कुणी आत गेलं होतं?"

"या ट्रेत पाय घातल्याशिवाय एक माणूस आत गेला नाही," मामा म्हणाले. "माझी पस्तीस वर्षांची नोकरी आहे डॉक्टर, विनातिकीट कुणी सापडायचं नाही."

"आणि यातलं पाणी कुठलं?"

"तळ्यातलं. रोज सकाळी ताजं."

डॉक्टर लिहीत होते, ते थांबले. "ही बदकं आहेत, त्या तळ्यातलं?"

"हो, पण पायांसाठी. कोंबड्यांना प्यायला नळाचंच देतो आम्ही."

"मामा, यात बुडवलेले बूट पुढे कुठे जातात?"

मामांनी फाटकाकडे बघितलं. "आत," ते म्हणाले.

मग डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की रानबदकं आजारी दिसतातच असं नाही. ती धडधाकट राहतात आणि विष्ठेतून रोग पाण्यात सोडून पुढे उडून जातात. आणि जंतुनाशक घाण पाण्यात टाकलं की घाणीशीच झुंजण्यात संपून जातं. त्यांनी तळ्याचं पाणी घेतलं, माझ्यातलं घेतलं, कोंबड्यांचे नमुने घेतले. रिपोर्ट आला, तिन्ही ठिकाणी बर्ड फ्लू.

मित्रांनो, मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ज्या रोगाला अडवायला मला ठेवलं होतं, त्याला मीच रोज पाय देत होतो.

"सगळ्या मारायच्या?" ताईंनी विचारलं.

"सगळ्याच. आज ठणठणीत दिसताहेत त्यासुद्धा," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्हा दोघांपैकी कुणाला ताप आला तर लगेच फोन करा. उद्यावर ढकलू नका."

पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. त्यांनी स्वतःचं औषध आणलं होतं. माझ्यात कुणीही पाय घातला नाही. मला लांबून वळसा घालून सगळे आत गेले. संध्याकाळपर्यंत शेडमागच्या खड्ड्यावर माती पडली होती.

"मी उद्यापासून येत नाही," मामा म्हणाले.

"मामा, मीही त्याच ट्रेत पाय घालत होते. मीही काही विचारलं नाही."

"विचारलं होतंस."

"विचारलं आणि हसून आत गेले," ताई म्हणाल्या. "त्यापेक्षा विचारलं नसतं तर बरं."

दोघांनाही ताप आला नाही. शेड सहा महिने रिकामी राहिली. नातेवाईकांनी शाळेत जागा निघाल्याच्या बातम्या आणून दिल्या. ताईंनी त्या ऐकून घेतल्या आणि पाचशे पिल्लं मागवली. त्याआधी नळ फाटकापर्यंत आणला. झाकण असलेला सिमेंटचा छोटा हौद बांधला. आता आधी बूट ब्रशने घासायचे, मग बुडवायचे, आणि पाणी रोज ओतून नवं भरायचं. शेडमधल्या बुटांची जोडीही वेगळी, ती बाहेर येतच नाही. घासायचं काम मामांकडे आहे. ते बोलतात कमी आणि घासतात जास्त. मला त्यांनी खिळा ठोकून नऊ भोकं पाडली आणि भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे कुणाला चुकूनसुद्धा माझ्यात पाणी भरता येऊ नये.

मित्रांनो, बदकांना दगड मारू नका. त्यांनी कुणालाही फसवलेलं नाही. ती लांबून बघा, त्यांचं पाणी त्यांनाच राहू द्या, आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगा. मला मात्र पुन्हा कधी कौतुकाने बघू नका. मला घासा, आणि आत वाकून बघा.

कारण एक गोष्ट डॉक्टरांनाही कळली नाही. कोंबड्या मरायच्या आधीच्या सोमवारी बादलीतून एक पीस माझ्यात आलं होतं. बोटभर लांब, तपकिरी, बदकाचं. पाच दिवस ते मधोमध तरंगत होतं. ताईंना दिसलं, मामांना दिसलं, ड्रायव्हरलाही दिसलं. बुटाला चिकटू नये म्हणून तिघंही ते चुकवून, जरा कडेला पाय बुडवत होते.