शेवटच्या डब्यातला देवाजी

सहा दिवस देवाजी कोणाच्या तरी मागे असायचा. पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीला फिटरच्या मागे, कॅन्टीनला रांगेच्या मागे आणि गप्पांत तर सगळ्यांच्याच मागे. कारण हेल्परानं पाना हातात द्यावा, मत देऊ नये, असा तिथला कायदा. पण रविवार त्याचा होता. रविवारी सकाळी सातला सेक्टर दहामधल्या त्याच्या सडकेवरची पाच मराठी बिऱ्हाडं, लहानमोठी धरून तेवीस माणसं, त्याच्या मागे चालायची.

हा पायंडा त्यानंच पाडला होता. प्लांट उभा राहत होता, धूळ घराघरात बसत होती आणि सुट्टीच्या दिवशी माणसं बाजेवर पडून चिमण्यांचा धूर बघत होती. देवाजी भंडाऱ्याकडचा, तलावांच्या मुलखातला. त्याला असं पडून राहवेना. मग एका रविवारी दुर्गपर्यंत बसनं जाऊन शिवनाथचा काठ, दुसऱ्या रविवारी उतईच्या वाटेवरचा तलाव, तिसऱ्या रविवारी नाल्याकाठची धानाची शेतं. कोणत्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, पोराला पेलतो आणि पोराच्या आजीला पेलत नाही, हे त्याला लांबून समजायचं. सोबत भाकर, ठेचा, लाखोळीची भाजी. माणसं म्हणायची, "देवाजीभाऊ आहेत म्हणून पाय कोरडे आहेत." तेवढ्या एका वाक्यावर देवाजी पुढचे सहा दिवस काढायचा.

एकसष्टच्या दिवाळीला शेजारच्या क्वार्टरमध्ये कृष्णराव राहायला आला. नागपूरकडचा, घरातल्या तीन पिढ्या रेल्वेत. स्वतः दहा वर्षं मालगाडीचा गार्ड होता. आता प्लांटच्या आतल्या गाड्यांवर. पहिल्याच रविवारी तो गळ्यात शिट्टी आणि काखेत लाल-हिरवी झंडी घेऊन हजर.

"देवाजीभाऊ, तुम्ही इंजिन, मी गार्ड," तो म्हणाला. "गार्डाची जागा शेवटी. पोरं म्हणजे डबे."

आणि खरंच तो सर्वांत मागे जाऊन उभा राहिला. देवाजीला आधी बरं वाटलं. मग शिट्टी वाजली, हिरवी झंडी हलली, पोरांनी एकमेकांचे सदरे धरले, आणि त्या घटकेपासून तेवीस माणसांच्या माना मागे वळल्या त्या वळल्याच. देवाजी पुढे दाखवतोय, "ते पाहा, पाणकोंबडी!" आणि पोरं मागे बघताहेत, गार्डकाका झंडी कोणती दाखवतात म्हणून. त्याची स्वतःची सात वर्षांची दुर्गा त्यालाच दटावायची, "बाबू, थांबा नं! गार्डानं झंडी नाई दाखवली अजून."

देवाजी मनात टिपून ठेवायचा. एका रविवारी दुर्गानं बापाला दोनदा हाक मारली, कृष्णकाकाला अकरा वेळा. गयाबाई, त्याची बायको, कृष्णरावाच्या बोलण्यावर चारदा हसली. त्यातल्या एका वेळी तर हसण्यासारखं काही नव्हतंच. आणि भाकरी सोडल्यावर ठेच्याचा पहिला गोळा कोणाच्या हातावर पडला, हे सांगायलाच नको.

"कावून तोंड पाडून बसले?" एकदा घरी आल्यावर गयाबाईनं विचारलं.

"इंजिन म्हणे मी! त्यानं शिट्टी वाजवली का चालाचं, थांब म्हटलं का थांबाचं. आमच्या गावात अशाले बैल म्हणतेत."

"मंग बैलाले वैरण टाकू का भाकर वाढू?"

तोही विनोद तिनं कृष्णरावाकडूनच उचलला असणार, असं देवाजीला वाटलं.

माघाच्या सुरुवातीला त्यानं शेवटचा डाव टाकला. तलावाकाठी सगळे जेवून बसले होते. पल्याडच्या किनाऱ्यावर थंडीची पाहुणी बदकं उतरली होती, पण इथून नुसते ठिपके दिसायचे.

"माघ लागला का पाणी आटते, तलाव पोटात सरकते," देवाजी मोठ्यानं म्हणाला. "पुढच्या खेपेले काठाकाठानं नाई, सरळ पोटातून नेतो तुमाले. हातभर अंतरावरून बदकं दावतो."

"पाणी नसेल नं तवर, भाऊ?" कृष्णरावानं विचारलं.

"तुमी रूळ सांभाळा जी. आमाले पाणी शिकवू नका."

सगळे हसले, आणि या वेळी देवाजीच्या बाजूनं हसले. तो आठवडा त्याचा फार छान गेला.

त्या शनिवारी दुपारी दोनला पाळी सुटली तसा तो सायकलनं तलावावर गेला, वाट एकदा नजरेखालून घालावी म्हणून. बघतो तर पाणी! गेल्या आठवड्यातली भेगाळलेली जमीन बुडालेली, उंच गवत तेवढं वर. शेण वेचणारी एक बाई म्हणाली, "कारखाना बर नहर खोले हें, भइया." प्लांटासाठी कालव्यानं तलाव भरून घेतला होता. देवाजी सायकल धरून नुसता उभा राहिला. त्याच्या गावचा तलाव धानासाठी. धान कापलं की तो आटत जाणार, आजोबांच्या वेळेपासून असंच. हा तलाव प्लांटासाठी. प्लांटाला ना आषाढ ना माघ.

घरी येता येता त्यानं दोन्ही वाटा मनात तोलून पाहिल्या. खरं सांगावं तर उद्या तेवीस माणसांत कृष्णराव म्हणणार, "पाणी निघालंच नं, भाऊ?" ते त्याचं गोड हसरं तोंड देवाजीला आत्ताच दिसत होतं. आणि न सांगावं तर? पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं. फार तर एक जण भिजेल, जो पुढे असेल तो.

रविवारी सकाळी तो लंगडत आला.

"कृष्णरावजी, गुडघा धरला माझा. आज तुमी पुढं व्हा. वाट तर सांगितलीच हाये. बोरीपाशी उतराचं, मंग नाकासमोर."

"अरे! मग हे घ्या." कृष्णरावानं शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली, झंड्या हातात दिल्या. "आज तुम्ही गार्ड."

गाडी निघाली. लाखोळीच्या निळ्या फुलांवर दव होतं, बगळे एकेक पाय उचलत चालले होते, आणि देवाजी शेवटच्या डब्यात. मागून त्याला सगळं दिसत होतं. मुख्य म्हणजे, एकही मान मागे वळत नव्हती. माना आता पुढे होत्या. म्हणजे जागेचा प्रश्नच नव्हता. तो माणूस जिथं जाईल तिथं माना जात होत्या. देवाजीचा गुडघा खोटा होता, पण छातीत खरंच काहीतरी दुखलं. भीज म्हणावं आता. चांगला कमरेपर्यंत भीज.

बोरीपाशी ओळ उतरली. पुढे पुरुषभर गवत. तेवढ्यात कृष्णराव एका बाजूला झाला आणि त्यानं दुर्गाच्या पाठीवर थाप मारली.

"आज इंजिन कोण? इंजिनाची पोरगी! पळ दुर्गे, बदकं पहिल्यांदा तूच बघ."

"झुक झुक झुक!" करत दुर्गा गवतात घुसली.

मोठ्या माणसाचा गुडघा म्हणजे दुर्गाची कंबर, आणि खाली गाळ. देवाजीनं हे मोजलंच नव्हतं. त्यानं शिट्टी तोंडात कोंबली आणि अशी फुंकली की काठावरचे सगळे बगळे उडाले.

पोरं शिट्टीला थांबायला शिकलेली होती. ओळ जागच्या जागी थांबली. दुर्गाही. कृष्णरावानं पुढे होऊन काठीनं गवत बाजूला केलं. तिच्या पावलांपासून चार हातांवर पाणी होतं.

"पुढून मला दिसलं नाही," तो परत येत म्हणाला, "मागून तुम्हाला कसं दिसलं?"

तेवीस माणसं देवाजीकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी.

"वास आला पाण्याचा," देवाजी म्हणाला.

झालं! बायका तोंडावर हात ठेवून बघायला लागल्या. दुर्गा ओरडत सुटली, "माह्या बाबूले पाण्याचा वास येते!" पोरं त्याला ओढून इकडे वास घ्या, तिकडे वास घ्या करू लागली. फक्त गयाबाई जवळ येऊन हळू म्हणाली, "काल दोनला सुटलेला माणूस पाच वाजता घरी आला. कुठं वास घेऊन राहिले होते तवर?"

देवाजीनं झंडी या हातातून त्या हातात घेतली.

सगळे वर काठावर जाऊन बसले तसा कृष्णराव त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"पंपावरच्या माणसानं परवा मला सांगितलं होतं, भाऊ, नहर सुटली म्हणून," तो म्हणाला. "माझ्या मनात आलंही. पण म्हटलं, देवाजीभाऊ म्हणतात वाट आहे, तर असेलच. पाण्यातलं मला काय समजते? पोरीला पुढं सोडली ती तुमच्या शब्दावर."

गाळात रुतावं तसा देवाजी बसल्या जागी रुतला. खाली बघत, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात त्यानं सांगून टाकलं: काल पाहिलं होतं, सांगितलं नाही, गुडघा चांगला आहे.

कृष्णरावानं काठी खाली ठेवली. मग त्यानं हात पुढे केला. देवाजीनं शिट्टी काढून दिली.

"पुढं रूळ नाही हे माहीत असून गार्डानं गाडी सोडली, तर त्याला कामावर ठेवत नाहीत, भाऊ," तो म्हणाला, आणि उठला. "चला. पोरांना ऊन लागते. काठानं न्या परत."

देवाजी पुढे झाला. मागे शिट्टी वाजली. सबंध वाटेत तो कान मागे लावून चालत होता. आता सांगेल, आता गयाबाईला सांगेल, आता पाचही घरांत होईल. सडक आली, क्वार्टर आली, माणसं पांगली. कृष्णराव एवढंच मोठ्यानं म्हणाला, "आज देवाजीभाऊ होते म्हणून बरं!"

आणि दार लावून घेतलं.

देवाजी अंगणात उभाच होता. निदान कृष्णरावानं सगळ्यांना सांगून तरी टाकायला हवं होतं. हा मोठेपणासुद्धा त्याच्याच वाट्याला जावा, हे काही देवाजीला सहन होईना.