शुक्रवारचा हिरवा दोरा

मला गेल्या वर्षी गॅस झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. छातीत कळ आली, घाम फुटला, मी "गेलो, गेलो" म्हणून ओरडलो आणि गावातल्या अंगदच्या भाड्याच्या जीपमध्ये घालून मला जालन्याला नेलं. दोन दिवस छातीला वायरी लावून निजवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "भुजंगराव, हृदय ठणठणीत आहे. जेवण जरा बेतानं करा." तेव्हापासून वाटूरच्या फाट्यावर चहा प्यायला बसलो की कुणीतरी विचारतंच, "आप्पा, चहात सोडा टाकू का?" सगळ्यांत जास्त हसली ती माझी बायको नंदा. माहेरी गेली की माझ्या आवाजात "गेलो, गेलो" करून दाखवायची आणि डोळे पुसत बसायची.

तेव्हापासून आमच्या घरात दवाखान्याचं नाव काढायची सोय राहिली नव्हती.

आमच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीचं बियाणं होतं. म्हणजे मिरची पिकवायची ती खायला नाही, कंपनीला बी द्यायला. काम किचकट. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, चिमट्यानं उघडून तिच्यातले नर केसर काढून टाकायचे. सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीच्या फुलातल्या परागांची पावडर लावायची आणि लावली याची खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचा रंग वाराप्रमाणे बदलतो. शुक्रवारी हिरवा, सोमवारी लाल, बुधवारी पिवळा. पावडर न लागलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही, तोडून टाकायचं, नाहीतर बियाण्यात भेसळ होते. असं दीड महिना चालतं. त्यात एक दिवस सुट्टी नाही, कारण फूल काही सोयर-सुतक पाळत नाही.

त्या बुधवारी सत्ताविसावा दिवस होता. नंदा, शेजारची उषाबाई आणि मी, तिघंच. कल्याण, आमचा मुलगा, चाकणला कंपनीत आहे. फोनवर "बाई लावा अजून एक" म्हणतो. बाई मिळाली असती तर लावली नसती का? मी नर फुलं सुकवायचो आणि पावडर चाळायचो. दोरा बांधणं माझ्या बोटांना जमत नाही, जाड आहेत. बांधायच्या त्या दोघीच. सत्तावीस दिवसांत माणूस असा थकतो की भूक लागल्याचंही दुसऱ्यानं सांगावं लागतं. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते फक्त कामापुरतं, आणि तेही चिडून.

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी कोपऱ्यात पावडर चाळत होतो. उषाबाईची हाक आली, "दादा, जल्दी या! वहिनीला काय होऊन राह्यलंय बघा."

नंदा सरीत बसली होती, पाय पसरून. ती काम सोडून अशी बसत नाही. उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. दोऱ्याचं रीळ घरंगळत पुढच्या झाडापर्यंत गेलं होतं.

"काय झालं गं?"

ती काहीतरी म्हणाली. शब्द मला कळला नाही. ओठ एका बाजूला ओढल्यासारखा वाटला. मला आधी वाटलं तोंडात सुपारी आहे. मी पाणी आणायला पळालो. तांब्या घेऊन आलो तर तिनं तो डाव्या हातानं घेतला. अर्धं पाणी पदरावर सांडलं. मग थोड्या वेळानं उजव्या हाताची बोटं हलवली, मूठ वळली, उघडली आणि माझ्याकडं बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "असं काय बघून राह्यलात? हाताला मुंग्या आल्त्या. बसून बसून."

"आणि बोलता येत नव्हतं ते?"

"घसा सुकल्ता."

"किती वेळ झालं असं?"

"असंल दोन मिनिटं."

उषाबाई मध्ये पडली. "दोन मिनिटं कशाची? वहिनीचं तोंड वाकडं झाल्तं. माझ्या सासऱ्याचं असंच झाल्तं, आधी—"

"उषे, सासऱ्याला घरी ठेव अन् तुझी ओळ पुरी कर. ऊन चढलं की पावडर धरणार न्हाई."

उषाबाई परत ओळीत गेली. मी म्हणालो, "जालन्याला दाखवून येऊ का?"

या 'का'नं मी घात केला. न्यायचंच असतं तर माणूस 'चल' म्हणतो. मी विचारलं, कारण तिनं नाही म्हणावं अशी माझीच इच्छा होती. खोटं कशाला बोलू? अठरा दिवस राहिले होते. आणि पुन्हा तीच जीप, तोच दवाखाना, पुन्हा फाट्यावर तोच सोडा, या वेळी दोघांच्या नावानं.

ती हसली. "गॅस असंल."

"थट्टा नको करूस."

"तुमचं हसू झालं तेवढं बस झालं. तिथं गेलं की दोन दिवस सोडत न्हाईत. फुलं कोण बघणार? तुम्ही? तुम्हाला चपलीचा पट्टा बांधता येत न्हाई. अठरा दिवस जाऊ द्या, मंग दाखवू. आता बिलकुल बरी हाये मी."

तिनं हात वर करून पाचही बोटं नाचवून दाखवली. खरंच बरी दिसत होती. मी म्हणालो, "बराबर." मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तिला बळंबळं लिंबाखालच्या बाजेवर निजवलं आणि मी तिच्या ओळीत गेलो. बांधता येत नसलं तरी राहिलेली फुलं तोडायला हवी होती. ती कुठपर्यंत पोचली होती ते बघायला मी पिवळे दोरे शोधत चाललो.

नंदाची गाठ लांबून ओळखू येते. दोन वेढे, एक ओढ आणि दोऱ्याचं शेपूट नखाएवढं. कंपनीचा माणूस तिच्या गाठींचे फोटो काढून दुसऱ्या प्लॉटवरच्या बायकांना दाखवतो. ओळीच्या पहिल्या निम्म्या भागात सगळ्या गाठी तशाच होत्या. पुढं एका झाडावर दोरा लोंबत होता. पुढच्या झाडावर दोरा फुलाला नाही, पानाच्या देठाला होता. त्याच्या पुढच्यावर नुसता वेढा, गाठच नाही. मी हात लावला तर गळून पडला. फुलं चिमट्यानं चेचली होती. एका फांदीला पावडर फुलात नाही, पानावर पुसली होती.

मी झाडं मोजली. एकोणीस.

एकोणीस झाडं म्हणजे किती, हे मला कुणी सांगायला नको. एका झाडाला नंदाला दीड मिनिट लागतं. सत्तावीस दिवस मी हेच मोजत होतो, ओळ कधी संपेल म्हणून. अर्धा तास. बाई अर्धा तास मेलेल्या हातानं झाडामागून झाड करत पुढं सरकत होती आणि कुणाला हाक मारत नव्हती. हात पुरताच राहिला तेव्हा खाली बसली. दोन मिनिटं म्हणे.

मग एक गोष्ट आठवली आणि मी शेजारच्या ओळीत शिरलो. सोमवारचा लाल दोरा. सगळे नीट होते. पुढं, आणखी पुढं, आणि मग लोंबणारे. आठ झाडं.

तिसऱ्या ओळीत जायला माझे पाय तयार नव्हते, कारण तिथं काय आहे ते मला माहीत होतं. शुक्रवारचा हिरवा दोरा. तीन झाडं. ती मी शनिवारीच पाहिली होती. पाहून ओरडलो होतो. सगळ्या शेडनेटला ऐकू जाईल असं म्हणालो होतो, "आंधळी झालीस का? प्लॉट फेल करायचाय का माझा? उषाबाई बाहेरची असून नीट बांधते, अन् तू घरची!" एका शब्दाला चार शब्द देणारी ही बाई त्या दिवशी काहीच बोलली नव्हती. खाली बसून तिन्ही झाडांच्या गाठी सोडून परत बांधल्या. मला वाटलं, बरं झालं, चूक कळली. सुटलेले हिरवे दोरे अजून सरीत मातीला चिकटून पडले होते.

तीन, आठ, एकोणीस. पुढचा आकडा मला काढायचा नव्हता.

मी तिन्ही रंगांचे दोरे गोळा करून खिशात घातले आणि बाहेर आलो. ती बाजेवर उठून बसली होती, परत ओळीत जायच्या तयारीत.

"साडी बदल. अंगदला फोन केलाय."

"आता कशाला? ठरलंय ना आपलं?"

"चल."

"अहो, पण माझी निम्मी ओळ—"

मी परत आत गेलो आणि तिच्यासमोर तिची राहिलेली फुलं तोडायला लागलो. काल संध्याकाळी तिनं एकेक करून तयार केलेली फुलं. ती जाळीला धरून उभी राहिली. "अहो, काय करून राह्यलात? येडे झालात का? दिवसाचं फूल गेलं ना!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिला रडताना बघून मी हात थांबवला नाही असं त्याच दिवशी झालं. ओळ रिकामी केली. उषाबाईला म्हणालो, "तुझ्याच्यानं होईल तेवढं कर. न होईल ते तोडून टाक."

"तुम्ही जावा दादा," ती म्हणाली. "मी हाये."

जीपमध्ये नंदा खिडकीकडं तोंड करून बसली. अंगदनं एकदा आरशातून बघून विचारलं, "आप्पा, या टायमाला कुणाचा गॅस?" माझं तोंड बघून त्यानं पुढं जालन्यापर्यंत गाडी नुसती हाणली.

दवाखान्यात तपासणारी डॉक्टर पोरसवदा होती, आमच्या कल्याणपेक्षाही लहान असेल. तिनं नंदाला हसायला लावलं, दोन्ही हात वर धरायला लावले, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. सगळं बरोबर. नंदानं माझ्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर माझी काही खैर नव्हती.

"हे किती वेळ राहिलं होतं, मावशी?"

"घडीभर. दोन मिनिटं."

"पहिल्यांदाच झालं?"

"हौ."

मी खिशातून दोऱ्यांचा गुंता काढला आणि टेबलावर ठेवला. मग रंग वेगळे करत बसलो. माझ्या जाड बोटांना ते लवकर जमेना, पण डॉक्टरनं घाई केली नाही. मी सांगितलं, हा हिरवा, शुक्रवार, तीन झाडं. हा लाल, सोमवार, आठ. हा पिवळा, आजचा, एकोणीस. एका झाडाला दीड मिनिट. हिची गाठ कधी सुटत नाही आणि या सगळ्या सुटल्या.

डॉक्टर हसली नाही. कागदावर वार आणि मिनिटं लिहून घेतली आणि फोन उचलून कुणालातरी बोलावलं. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "मेंदूला जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि परत सुरू होतं. हात बरा होतो म्हणून माणूस घरी बसतं. पण हे मोठ्या झटक्याच्या आधीचे इशारे असतात. मावशींना तीन येऊन गेलेत, प्रत्येक वेळी जास्त वेळाचा. यांना आता घरी न्यायचं नाही."

"अन् अठरा दिवसांनी आलो असतो तर?" मी विचारलं.

तिनं कागदावरून मान वर केली. "आज आलात ना काका."

मेंदूचे फोटो काढले, रक्त घेतलं, औषध सुरू झालं. ऊन उतरायच्या सुमाराला नंदाला खाटेवर आणलं. डाव्या हाताला सलाईन होती. नर्स सांगून गेली, हातात कमीजास्त वाटलं, बोलणं अडखळलं तर लगेच हाक मारा. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. बसल्यावर कळलं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत.

मग मीच म्हणालो, "शुक्रवारीच सांगायचं होतंस."

ती छताकडं बघत होती. "शुक्रवारी भ्याले. शनिवारी सांगणार होते. चहा ठेवला की सांगू म्हणलं. तेवढ्यात तुम्ही गाठींवरून बोललात. मंग वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल, काम चुकवायला बहाणा करून राह्यली."

मी तसंच म्हणालो असतो. हे तिलाही माहीत होतं, मलाही. स्टुलावर बसल्या बसल्या मला लाज वाटली, अशी की तोंड कुठं लपवावं कळेना. "चुकलं माझं," मी म्हणालो. एकतीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

तिनं उजवा हात माझ्यापुढं केला. "दोरा हाये का खिशात?"

एक पिवळा तुकडा राहिला होता. तो दिला. तिनं माझ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं बघितलं, काजात दोरा ओवला, एका हातानं आणि थोड्या दातांच्या मदतीनं दोन वेढे घेतले आणि ओढ दिली. शेपूट नखाएवढंच राहिलं.

"ओढून बघा," ती म्हणाली.

मी हात तिथपर्यंत नेला. ओढायचा धीर झाला नाही. मग तिनंच ओढलं, चांगलं जोरात, माझी मान तिच्याकडं येईपर्यंत. गाठ सुटली नाही.