वय नमूद करावे

चौथ्यांदा परत आलेला अर्ज कारकूनबाईंनी आधी उलटा करून पाहिला. शेरा नेहमी मागच्या बाजूला असायचा, हिरव्या शाईत, घाईघाईने ओढलेला. मागच्या खेपेला ‘वय नमूद करावे’ असं लिहून आलं होतं, म्हणून त्यांनी वय नमूद केलं होतं. आता शेरा होता, ‘वय त्रेपन्न. सबब मागणी अनावश्यक वाटते.’

अर्ज शिंपिणीचा होता. तिला महिन्याला मिळणारं पॅडचं एक पाकीट पुरत नव्हतं, तीन मिळावीत, एवढीच मागणी. ती पलीकडे मशीनवर पुरुष कैद्यांच्या विजारी शिवत होती. स्टुलावर जुन्या कापडाची जाड घडी घालून, जरा तिरकी बसून.

“काय म्हणतात?” पाय न थांबवता तिने विचारलं.

“म्हणतात, या वयात तुला याची गरज नाही.”

“बरं झालं सांगितलं,” शिंपीण म्हणाली. “मलाच कळत नव्हतं.”

दोघीचौघी हसल्या. कारकूनबाईंना हसू आलं नाही. चार अर्ज, प्रत्येकाच्या तीन प्रती, सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, आणि निष्पन्न काय, तर पालथ्या घड्यावर पाणी.

आत येण्याआधी बावीस वर्षं त्या जमिनीच्या नोंदणी कचेरीत कारकून होत्या. साहेबांनी पुढे सरकवलेल्या कागदांवर विश्वासाने सह्या केल्या, कुणाची तरी जमीन भलत्याच्याच नावावर चढली, आणि खटला उभा राहिला तेव्हा साहेब बरोबर वेळेवर आजारी पडले. सह्या ज्यांच्या होत्या त्यांना सात वर्षं लागली. त्यातली चार संपली होती. अक्षर चांगलं म्हणून इथेही त्यांना लिहायचंच काम मिळालं होतं. कुणाला चष्मा हवा, कुणाला मुलांशी फोनवर बोलायचं असतं, कुणाचा वकील सहा महिने फिरकलेला नसतो. बेचाळीस बायकांचे अर्ज त्या लिहीत.

तुरुंग खरा पुरुषांचा. ते सातशे. बायकांना मागचं जुनं कोठार दिलं होतं. डॉक्टर पलीकडे, ग्रंथालय पलीकडे, रुग्णालयात नेणारी गाडी पलीकडे. बायकांकडे स्वतःची अशी भिंत तेवढी होती.

शिंपिणीचं दुखणं कारकूनबाईंना कळलं तेही उशिरा. एकदा कपडे वाळत घालताना त्यांनी तिला पहाटे धुतलेली फडकी दुसऱ्या कपड्यांखाली लपवताना पाहिलं आणि खोदून खोदून विचारलं. सहा महिने अंगावरून जात होतं. थांबतच नव्हतं. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून ती मशीन सोडत नसे. “बसून काम आहे ते बरं,” म्हणायची.

डॉक्टर मंगळवारी यायचे. बोळातच टेबल टाकून बसायचे, शेजारी दोन पुरुष पहारेकरी. शिंपीण त्यांच्यासमोर गेली आणि अशक्तपणा आहे म्हणून सांगून लोहाच्या गोळ्या घेऊन परत आली. कारकूनबाई तिच्यावर कडाडल्या. सांगायला गेलीस एक आणि सांगितलंस भलतंच, तोंड काय शिवून घेतलंयस का? शिंपीण म्हणाली, “ते दोघं माझ्याकडेच बघत उभे होते हो बाई.”

पुढच्या मंगळवारी कारकूनबाई तिच्याबरोबर गेल्या. पण त्यांनीही आवाज खाली आणून ‘स्त्रीविषयक तक्रार’ असंच म्हटलं. अर्जातही त्या तसंच लिहीत आल्या होत्या. सभ्य माणसांच्या कागदात दुसरं काही लिहायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी दिली आणि तारखा सुरू झाल्या.

पहिल्या तारखेला सोबत जायला स्त्री पहारेकरी नव्हती. बायकांकडे तीनच होत्या, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला गेलेली. उरली ती हवालदारबाई, आणि ती गेली तर कोठाराला कुलूप कोण घालणार? दुसऱ्या तारखेला गाडी पुरुष कैद्यांना घेऊन कोर्टात गेली होती. तिसऱ्या तारखेला गाडी होती, पहारेकरी होती, शिंपीण सकाळपासून धुतलेली साडी नेसून बसली होती. फाटकावर कळलं, चिठ्ठीतल्या आडनावाची वेलांटी चुकलीय. नाव जुळत नाही. परत.

ती परत येऊन मशीनवर बसली. साडीही बदलली नाही. कारकूनबाई हिरव्या शाईवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होत्या. तेवढ्यात त्यांना त्यांच्या जुन्या खिडकीसमोरचा एक म्हातारा आठवला. लांबून चालत आलेला. त्याच्याही कागदात वेलांटीच चुकली होती. “दुरुस्त करून आणा,” त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं. त्याला दुसरं कोण दुरुस्त करून देणार होतं, हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या उठल्या आणि उगाच जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

महिनाअखेरीस पाहणी समिती येणार म्हणून धावपळ उडाली. भिंतींना चुना लागला. न्हाणीघरांना दारं नव्हतीच, तिथे निळे पडदे आले. बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा आडोशाला अंघोळ केली. एकजण तर बाहेरच येईना. अधीक्षकांनी कारकूनबाईंना बोलावून आभाराचे चार शब्द लिहून काढायला आणि समितीपुढे वाचायला सांगितलं. नीट झालं तर शिक्षेत सूट मिळण्यासाठी शिफारस करू, असंही म्हणाले. कारकूनबाईंनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं आलं.

समितीत तिघे होते. एक निवृत्त न्यायाधीश, काठी टेकत चालणारे, आणि त्यांच्याबरोबर दोन मध्यमवयीन गृहस्थ. बायका दोन ओळींत उभ्या राहिल्या. शिंपीण मात्र स्टुलावर बसून होती. अधीक्षकांनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं.

“ती का बसलीय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“थोडी उद्धट आहे, सर,” अधीक्षक म्हणाले. “ऊठ ग.”

शिंपीण उठली नाही. तिने दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या होत्या आणि ती कारकूनबाईंकडे बघत होती. कारकूनबाईंना कळलं, ती उठू शकत नाही. उठली तर तिघा पुरुषांना आणि अख्ख्या ओळीला काय दिसेल, तेही कळलं. हातात आभाराचा कागद होता. शिफारस होती. उरलेल्या तीन वर्षांतलं एखादं वर्ष कमी झालं असतं.

“साहेब, ती उद्धट नाहीये,” त्या म्हणाल्या. “आठ महिने तिच्या अंगावरून रक्त जातंय. कपडे भरलेत. म्हणून ती उठत नाहीये.”

समितीतल्या एका गृहस्थांनी छताकडे पाहिलं. कारकूनबाईंना वाटलं, आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही. म्हणून त्यांनी पुढचं सगळं सांगून टाकलं. एक पाकीट, चार अर्ज, प्रत्येकावरचा शेरा, तीन तारखा, वेलांटी. बावीस वर्षांची सवय, सगळं तारीखवार पाठ होतं. बोलताना त्यांचा आवाज चिरकत होता, ते त्यांना स्वतःलाच आवडलं नाही.

न्यायाधीश ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे चौघांसमोर सांगावं लागलं तुम्हाला.” आणि अधीक्षकांकडे वळून, “आज. उद्या नाही.”

त्याच दुपारी गाडी मिळाली, पहारेकरीही मिळाली. वेलांटीचं कुणी नाव काढलं नाही.

शिंपिणीची पिशवी काढावी लागली. बारा दिवसांनी ती परत आली, हडकलेली, पांढरीफटक, पायाला बेडीचा वळ. रुग्णालयात तिचा पाय पलंगाला बांधून ठेवला होता. “भूल दिली तेव्हासुद्धा?” कारकूनबाईंनी विचारलं. “तेव्हाचं मला काय माहीत,” ती म्हणाली.

पडदे तोवर काढून नेले होते. कारकूनबाईंचं लिहायचं काम गेलं होतं. शिफारशीचं तर नावच नको. त्यांना स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसवलं, आणि अर्जांचं काम एका नव्या मुलीकडे गेलं, जिला ‘महोदय’ कुठे लिहायचं तेही ठाऊक नव्हतं. कारकूनबाई कांदे चिरत आणि स्वतःशीच पुटपुटत. त्यांनी जे केलं त्याचा त्यांना पस्तावा नव्हता, पण अभिमान वाटायलाही फुरसत मिळाली नाही. कारण एक झालं तर दुसरं उभं.

काढलेला भाग तपासायला पाठवला होता. त्याचा अहवाल रुग्णालयात पडून होता. तो आणायला कुणीतरी जायला हवं होतं. आठवडा गेला, तीन गेले, पाच गेले. डॉक्टर म्हणत, अहवाल आल्याशिवाय मी काय सांगू? कचेरी म्हणे, रुग्णालयाने पाठवायला हवा. रुग्णालय म्हणे, तुम्ही न्यायला हवा. शेवटी हवालदारबाईच तिच्या सुटीच्या दिवशी, आपणहून, जाऊन आली. खिडकीवर तिला विचारलं, तुम्ही नातेवाईक का? नाही? मग पत्र आणा.

“गणवेश घालून गेले असते तर दिला असता,” हवालदारबाई चडफडत म्हणाली. “पण सुटीच्या दिवशी गणवेश घालता येत नाही.”

कारकूनबाईंनी सुरी खाली ठेवली आणि त्या शिंपिणीकडे गेल्या.

शिंपिणीला एक लग्न झालेली मुलगी होती. आई आत आल्यापासूनच्या सात वर्षांत ती एकदाही आली नव्हती. येणार कशी? तिचा बाप आईच्याच हातून गेला होता. तो मारायचा, मोडायचा, सगळी आळी जाणायची. मुलगीही जाणायची. पण बाप तो बाप. शिंपिणीने तिला कधी पत्र टाकलं नव्हतं. दर महिन्याला मिळणारा पत्राचा कागद ती दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची.

“तिला लिहू या,” कारकूनबाई म्हणाल्या. “तिला अहवाल देतील.”

“नको.”

“का नको?”

“कोणत्या तोंडाने लिहू? बापाला मारलं, आता माझा कागद आणून दे म्हणून?”

“मग मर इथेच कुढत,” कारकूनबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाटलं, जीभ झडली असती तर बरं. त्या तिथेच विजारींच्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने शिंपिणीने पत्ता सांगितला. घर, गल्ली, मागच्या दुकानाची खूण, सगळं तोंडपाठ.

“गोड गोड काही लिहू नका,” ती म्हणाली. “ये असं लिहू नका. एवढं काम कर, असं लिहा.”

कारकूनबाईंनी तसंच लिहिलं. ‘उपरोक्त’ नाही, ‘सबब’ नाही. पाच ओळी झाल्या. इतकं छोटं पत्र त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. शिंपिणीच्या विजारींची शिवण वाकडी येऊ लागली आणि दोनदा उसवावी लागली.

एकोणिसाव्या दिवशी, कांदे अर्धे झाले असताना, हवालदारबाई कोठाराच्या दारात आली आणि तिने भेटीसाठी शिंपिणीचं नाव पुकारलं. शिंपिणीला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. हवालदारबाईने पुन्हा पुकारलं. मग शिंपिणीने केस बसवले, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि ती गेली.

भेटीची वेळ वीस मिनिटांची. कारकूनबाईंना भेटखोलीत जायला परवानगी नव्हती. त्या दाराशी येरझारा घालत राहिल्या. नाकातोंडाशी कांद्याचे हात जात होते आणि डोळ्यांची आग होत होती. मनात त्या आकडेमोड करत होत्या. वाईट निघालं तर पुढे काय, कुणाकडे जायचं, कोणत्या शब्दांत मागायचं, समिती पुन्हा कधी.

शिंपीण परत आली ती हळूहळू, भिंतीला हात लावत. येऊन स्टुलावर बसली.

“आली होती?”

“आली होती.”

“अहवाल आणला?”

“आणला. फाटकावर घेतला त्यांनी. म्हणाले, कचेरीत जमा होईल.”

म्हणजे पुन्हा कचेरी, आवक क्रमांक आणि हिरवी शाई. कारकूनबाईंनी दात आवळले. “पण तिने वाचला असेल ना? काय आहे त्यात? काय म्हणाली ती?”

शिंपीण त्यांच्याकडे बघत राहिली, जणू असं काही विचारायचं असतं हे तिला आत्ताच कळत होतं.

“ते विचारायचं राहिलंच हो बाई,” ती म्हणाली. “जाळीतून नीट दिसत नव्हतं. पुढचे केस पांढरे झालेत तिचे. एवढ्यातच.”

कारकूनबाईंनी गठ्ठ्यातली एक विजार ओढून घेतली आणि शिंपिणीच्या शेजारी जमिनीवर बसून तिची वाकडी शिवण उसवायला लागल्या.